हीटर लावला की गाडीत धूर : आर्णी-दिग्रस रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या कामाचा अनुभव

ज्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीत हिवाळ्यात हीटर लावला की जळका वास येते आणि पंधरा-वीस मिनिटांत डोकं जड पडते त्यांनी हे पूर्ण वाचा. आम्ही हा वास महिनाभर अंगावर काढला, जुनी गाडी आहे, असंच होते म्हणत राहिलो, आणि तेच फार चुकलं. शेवटी काम झालं ते आर्णीवरून दिग्रसकडे जातानाच्या एका टिनाच्या शेडमध्ये. पाटी नाही, बाहेर कडुलिंबाचं झाड आणि दोन-चार ट्रॅक्टर उभे असतात, आजूबाजूच्या गावात कोणालाही विचारा, मिस्त्री म्हटलं की तेच शेड दाखवतात. कामाला पाचपैकी पाच, वेळेला तीन.

गाडी आमची २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली, दुसऱ्याकडून घेतलेली. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन सेवाग्रामला झालं होतं, त्याची तपासणी होती म्हणून डिसेंबरात पहाटे साडेचारला गावावरून निघालो, मी, बायको, माय आणि सहा वर्षांची पोरगी. आपल्याकडची डिसेंबरची पहाट सगळ्यांना माहीत आहे, नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर गेला होता. काचा पूर्ण बंद, हीटर फुल. वास तर नोव्हेंबरपासूनच यायचा पण तोपर्यंत गाडी गावातल्या गावात नाहीतर आर्णीच्या बाजारापर्यंतच जायची, इतका वेळ हीटर कधी लावलाच नव्हता. यवतमाळ यायच्या आधीच पोरगी म्हणे पप्पा मळमळ होऊन राहिली, मला वाटलं रिकाम्या पोटी निघाली म्हणून. यवतमाळच्या पुढे माय कपाळ धरून बसली, माझ्याही डोळ्यांच्या वर ठणका होता पण झोप झाली नाही म्हणून मी सोडून दिलं. कळंबला चहाला थांबलो तर उतरल्या उतरल्या पोरीनं ओकारी केली. अर्धा तास मोकळ्या हवेत बसलो, सगळ्यांना जरा बरं वाटलं, मग गाडीत बसलो आणि देवळी येईपर्यंत पुन्हा तेच.

देवळीजवळ माय जे बोलली ते मी विसरणार नाही. म्हणे, "बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली का जसं डोकं धरते ना बावा, तसं धरून राह्यलं. हा चुलीच्या धुपटाचा तरास नाही, हा शेगडीवाला हाये." तिच्या लहानपणी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार लावून घ्यायचे, त्यात बाया बेशुद्ध पडलेल्या तिनं डोळ्यानं पाहिल्या होत्या. मी लगेच हीटर बंद केला, चारही काचा खाली केल्या आणि तशाच थंडीत पोरीला गोधडीत गुंडाळून सेवाग्रामपर्यंत गेलो.

मायनं बरोबर ओळखलं होतं. शेगडीतून जो वायू निघते तोच पेट्रोल इंजिनाच्या धुरात असते, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही आणि वासही नाही, आपल्या नाकाला जो वास येते तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि बाकी गॅसचा, हा त्यांच्यासोबत येते आणि कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरते, म्हणजे श्वास तर चालू राहते पण अंगाला ऑक्सिजन पोचत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, मग गुंगी, आणि गुंगी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला आली तर सगळेच गेले. लहान लेकरं भराभर श्वास घेतात म्हणून त्यांना आधी बाधते, ज्यांचं रक्त कमी आहे त्यांनाही जास्त बाधते. मायचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास असते आणि तिला मी दोन तास त्या बंद गाडीत बसवलं होतं. ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणूनच एवढं लांब लिहून राहिलो.

परत आल्यावर आधी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली, नाव घेत नाही. एसीत बसवलं, कॉफी दिली, गाडी आत नेली, तासाभरात बाहेर. केबिनचा फिल्टर बदलला, एसीच्या जाळीत फेस मारून साफ केलं, बिल २,४०० रुपये. सांगितलं की वास कुबट हवेचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चालू केली तर तोच वास, वरून त्या फेसाच्या लिंबाचा वास. मग दुसऱ्या एकानं सांगितलं की हीटरची कॉइल लीक आहे, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल, नऊ हजार धरून चला. मी हो म्हणणारच होतो खरं तर. पण हीटरच्या कॉइलमधून इंजिनाचं कूलंट फिरते, ती लीक झाली तर गोडसर वास येते, समोरची काच आतून चिकट धुक्यानं भरते, पायाखालची चटई ओली होते आणि कूलंटची बाटली खाली जाते. आमची बाटली जशीच्या तशी भरलेली होती, चटई कोरडी ठक्क. हे मिस्त्रीनं मला फोनवरच विचारलं, गाडी न पाहता, आणि फोनवरच म्हणे, "कॉइलले हात नका लावू देऊ कोणाले. गाडी संध्याकाळी आणून ठेवा."

तेवढ्यात मी एक काम केलं होतं, ते सगळ्यांनी करावं असं वाटते. कार्बन मोनॉक्साइडचं बॅटरीवर चालणारं मीटर ऑनलाइन मागवलं, पंधराशेच्या आसपास पडलं. अंगणात थंडी गाडी चालू केली, हीटर फुल, बाहेरची हवा घ्यायचं बटण चालू, काचा बंद, मीटर सीटवर ठेवलं आणि मी बाहेरून काचेतून पाहत उभा. दहा मिनिटांत आकडा ४६ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४६ भाग हा वायू. मग सगळी दारं उघडून हवा काढली, पुन्हा तेच केलं पण आतलीच हवा फिरवायचं बटण दाबून, तर १७ वर थांबला. म्हणजे बटणानं कमी होते, पण बंद होत नाही. एक लक्षात ठेवा, ही मीटरं घरासाठी बनवलेली असतात, ५० पीपीएमला त्यांचा भोंगा तासाभरानंतर वाजते, तोपर्यंत गाडीतल्या माणसाचं डोकं फुटायला आलेलं असते, म्हणून भोंग्याची वाट पाहू नका, आकडा पाहा आणि आकडा दाखवणारंच मीटर घ्या.

आता मिस्त्री. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. गेलो त्या दिवशी सोयाबीनच्या थ्रेशरचं काहीतरी खोलून बसला होता, मान वर न करता म्हणे चावी टेबलावर ठेवा आणि घरी जा. मी म्हटलं चालू करून दाखवतो ना. म्हणे, "नाही भाऊ, गरम गाडी खोटं बोलते. मले थंडी पाहिजे. रातभर उभी राहू द्या." याचं कारण त्यानं नंतर समजावलं आणि ते माहीत नसल्यामुळेच मोठ्या वर्कशॉपला दोष सापडला नाही असं माझं पक्कं मत आहे, कारण तिथे मी चाळीस किलोमीटर चालवून तापलेली गाडी दिली होती. इंजिनातून धूर बाहेर येते तिथे बिडाचा एक फाट्या-फाट्याचा पाइप असते, मिस्त्री लोक त्याला मेनफोल म्हणतात. इंजिन आणि मेनफोलच्या मध्ये गॅसकेट असते, म्हणजे जोडातून धूर निघू नये म्हणून बसवलेली पातळ पट्टी. गॅसकेट गेली की थंड्या इंजिनात तिथून धूर फुसफुसते, आणि गाडी तापली की लोखंड फुगते, फट दाबली जाते, आवाज बंद होते. पूर्ण बंद होत नाही, पण कानाला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पोचलो, मला मुद्दाम बोलावलं होतं. हाताची बोटं वळत नव्हती इतकी थंडी. त्यानं पोऱ्याला ओला बारदाना घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी बसवलं, स्वतः बोनेट उघडून मेनफोलवरचा पत्रा काढला आणि साबणाचं पाणी एका जुन्या काच पुसायच्या बाटलीत भरून जोडावर मारलं. मग मला म्हणे लावा स्टार्टर. गाडी चालू झाली, पोऱ्यानं बारदाना दोन-तीन सेकंद दाबला, आणि तिसऱ्या सिलेंडरच्या जोडातून साबणाचे फुगे निघायला लागले, एकामागून एक, टिक टिक टिक आवाजासोबत. रबरी नळीचा दोन हात तुकडा त्यानं माझ्या हातात दिला, एक टोक कानाला, दुसरं त्या जोडापाशी. घड्याळासारखा आवाज. दोन मिनिटांत इंजिन तापायला लागलं तसा आवाज बारीक होत गेला, पाचव्या मिनिटाला काहीच नाही. टॉर्च मारून दाखवलं, त्या जोडाभोवती बोटभर रुंद काजळीचा पट्टा होता आणि खालचा एक स्टड, म्हणजे मेनफोल इंजिनाला धरून ठेवणारा आट्यांचा खिळा, तुटलेला, नट गायब. महिनाभर मी रोज बोनेट उघडून तेल पाहायचो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं, कारण वर पत्रा होता.

मला वाटलं झालं, सापडलं. पण तो म्हणे अर्धंच सापडलं. "धूर तथी निघते हे ठीक, पण केबिनीत कोठून शिरते?" आणि मग समोरच्या काचेखालची जी काळी प्लास्टिकची जाळी असते, वायपरखालची, ती त्यानं खोलली. आतून कापूस निघाला. मूठभर नाही, घमेलं भरेल इतका, त्यात सोयाबीनची टरफलं, कागदाचे तुकडे, आणि उंदरानं कुरतडलेले काळ्या रबराचे तुकडे. भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस घरातच भरून ठेवला होता आणि गाडी त्याच खोलीच्या भिंतीला लागून उभी राहते. उंदरांनी तिथून कापूस नेऊन जाळीखाली घर केलं होतं आणि बोनेटच्या मागच्या काठाला जी रबराची लांब पट्टी असते ती हातभर खाऊन टाकली होती. ती पट्टी शोभेची नसते. बोनेट बंद झालं की इंजिनाची हवा इंजिनापाशी आणि जाळीची हवा जाळीपाशी ठेवणं हेच तिचं काम. हीटर स्वतः धूर करत नाही, त्याचा पंखा त्या जाळीतून बाहेरची हवा ओढते, गरम कॉइलवरून नेते आणि आपल्या पायाशी सोडते. आमच्या गाडीत मेनफोल इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे बरोबर त्या जाळीच्या खाली. खालून धूर वर आला, मध्ये रबर नाही, पंख्यानं ओढला आणि आत. गाडी जोरात पळत असली की वारा धूर उडवून नेते, पण हळू चालली किंवा उभी राहिली की सगळा जाळीत. उन्हाळ्यात एसीसोबत आपण आतलीच हवा फिरवतो म्हणून वर्षभर पत्ता लागला नाही.

आणखी एक, पीयूसी आमची पास होती, त्यावरही मी निवांत होतो. पीयूसीची नळी मागे सायलेन्सरच्या तोंडात घालतात. मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते, ते कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करते, म्हणून मागून निघणारा धूर त्यामानानं साफ. आमची गळती त्याच्या आधीच होती, म्हणजे आम्ही बिनसाफ केलेला कच्चा धूर घेत होतो. थंडं इंजिन पेट्रोलही जास्त पिते, त्यामुळे पहाटेच्या पहिल्या काही मिनिटांत हा वायू सगळ्यात जास्त, आणि हीटर आपण तेव्हाच लावतो.

काम त्यानं असं केलं. तुटलेल्या स्टडवर दोन दिवस थोडं थोडं तेल सोडलं, मग त्याच्या उरलेल्या बुडख्यावर नट वेल्डिंग केला आणि तापलेला असतानाच पान्यानं फिरवून काढला, ड्रिल मारला नाही, म्हणे ड्रिल सरकला तर हेडचे आटे जातात आणि मग खर्च मोठा. मेनफोल खाली उतरवून त्याच्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि खालून फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातं सरकवून मला दाखवलं, मधोमध ०.३ मिलिमीटरचं पातं आरामात जात होतं. मेनफोल वाकलेला. म्हणे आता नुसती नवी गॅसकेट टाकली तर तीन महिन्यांत पुन्हा इथेच याल, आणि यवतमाळला खरादवाल्याकडे पाठवून तोंड सपाट करून आणलं. मी म्हटलं सिलिकॉन लावून बसवता येत नाही का, कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं कपाटातून दुसऱ्या एका गाडीची गॅसकेट काढून दाखवली, सिलिकॉन जळून पापुद्रे झालेले, म्हणे तेलाच्या चेंबरला चालते, इथे नाही. नवी स्टीलची गॅसकेट, सगळे स्टड आणि नट नवे, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला टॉर्क पान्यानं, म्हणजे नट किती जोरानं कसला ते मोजणाऱ्या पान्यानं, दोन फेऱ्यांत कसले. टिनाच्या शेडमध्ये टॉर्क पाना पाहून मला खरंच बरं वाटलं, मोठमोठ्या ठिकाणी अंदाजानं कसताना पाहिलं आहे.

बोनेटची रबर पट्टी नवी टाकली. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात आधीच्या मालकानं म्युझिक सिस्टिमची वायर घालायला पाडलेलं छिद्र होतं, वायरीभोवती बोट जाईल इतकी फट, तिथे रबरी बूच बसवला, त्याचे पैसे घेतले नाहीत. मागच्या डिक्कीचं रबरही तपासलं, कागदाचा तुकडा दारात धरून ओढून पाहिला, जिथे कागद सैल येते तिथून धूर शिरते. ते ठीक निघालं.

गाडी घ्यायला गेलो तर आधी मीटर लावा म्हणे. मी त्याला मीटरचं सांगितलं होतं, त्यानं असं मीटर पहिल्यांदाच पाहिलं. रात्रभर थंडी झालेली गाडी, हीटर फुल, काचा बंद, बाहेरची हवा चालू, वीस मिनिटं. शून्य. तो काचेला नाक लावून उभा होता पूर्ण वेळ, मधून मधून पोऱ्याला म्हणे बघ रे, हालला का आकडा. नंतर मला त्या मीटरचं नाव लिहून मागितलं, त्यानंही एक घेतलं आता.

पैसे : गॅसकेट ४५०, स्टड-नट ३६०, खराद ५००, रबर पट्टी ६५०, मजुरी १,८००. एकूण ३,७६०. यूपीआय चालते.

आता ज्यात गुण कापले ते. एक दिवस सांगून चार दिवस लागले. गॅसकेट नागपूरवरून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आली, ती एक दिवस उशिरा आली हे त्याच्या हातात नव्हतं, पण फोन करून सांगणं हातात होतं, आणि मी केलेले फोन त्यानं उचलले नाहीत. हंगामात ट्रॅक्टरवाले आले की कारचं काम बाजूला राहते, शेतकरी म्हणून मला ते पटते, पण ज्याला रोज गाडी लागते त्यानं आधी विचारून जावं. पक्कं बिल भेटत नाही, कागदावर लिहून देते, जुने पार्ट मात्र पिशवीत घालून परत देते. बसायला एक बाकडं, तेही उन्हात. बाया-लेकरं घेऊन जाऊ नका.

ज्यांना आजच वास येत आहे त्यांच्यासाठी एवढं सांगतो. रस्त्यात डोकं धरलं तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, दारं उघडी ठेवा. कोणाला चक्कर, गुंगी, बोलणं तुटक वाटलं तर घरी न जाता सरळ दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला स्वतःहून सांगा की बंद गाडीत धूर होता, कारण बोटाला चिमटा लावायचं जे साधं ऑक्सिजनचं यंत्र असते ते या वायूत आकडा चांगलाच दाखवते, डॉक्टरला रक्त तपासावं लागते. नुसती डिक्की उघडी ठेवून गाडी चालवू नका, मागचा धूर उलटा आत ओढला जाते. बंद पोर्चमध्ये किंवा गोठ्यात गाडी चालू ठेवून तापवत बसू नका. आणि नाकाला पाच-दहा मिनिटांत वासाची सवय होते, म्हणून वास गेला म्हणजे धूर गेला असं समजू नका.

जानेवारीत मायची पुढची तपासणी होती. तसंच पहाटे निघालो, हीटर लावून, मीटर डॅशबोर्डवर. माय पूर्ण रस्ता त्या आकड्याकडेच पाहत होती, कळंब आलं तरी शून्य, देवळी आली तरी शून्य. पोरीनं गाडीत बसून डबा खाल्ला. पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला या असं मिस्त्रीनं सांगितलं होतं, नवी गॅसकेट तापून-थंडी होऊन थोडी बसते म्हणून. मागच्या मंगळवारी गेलो, दोन नट पाव फेरी फिरले, पैसे घेतले नाहीत.

जायचं असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, शेडसमोर उभं राहायला जागा नसते. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सकाळी सातला स्वतः हजर राहा, तो दाखवून काम करते.